फळ्याचा फोटो म्हणजे टिपण नव्हे

"बाई, फळ्याचा फोटो ग्रुपवर टाका की!"

तास संपायला दोन मिनिटं उरली की मागच्या बाकावरून हे येतंच. सवय मीच लावलेली. २०२० मध्ये शाळा मोबाईलवर आली तेव्हा मी रोज फोटो आणि तयार नोट्सची पीडीएफ पाठवायचे. पुढे वर्ग भरायला लागले तरी ते सुटलं नाही. एकदा दहावीतल्या एका मुलीला विचारलं, असे किती फोटो साठलेत? म्हणाली, चारशेच्या वर. त्यातले उघडलेस किती? ती नुसती हसली.

त्या दिवसापासून फोटो बंद केले, पण मोबाईल आणि प्रोजेक्टर बंद केले नाहीत. कोल्हापुरात नववी-दहावीला मराठी शिकवताना टिपण काढणं आणि सारांश लिहिणं यासाठी मी ते कसे वापरते ते सांगते. माझ्या वर्गात एक प्रोजेक्टर, एक जुना लॅपटॉप, माझा मोबाईल आणि बाजारातला साधा ब्लूटूथ स्पीकर आहे. मुलांच्या हातात वही आणि पेनच.

सुरुवात आवाजापासून करा. दोन मिनिटांचा उतारा मोबाईलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा. समोर उभं राहून वाचलं की मुलं आपल्या चेहऱ्याकडे बघतात, "बाई, परत सांगा" म्हणतात, आणि आपण सांगतोही. स्पीकर परत सांगत नाही. पहिल्यांदा ऐकताना पेन खाली. दुसऱ्यांदा लिहायचं. तिसऱ्यांदा मी मधेमधे थांबवते, तेवढ्यात राहिलेलं भरायचं.

दुसऱ्या फेरीत गंमत होते. मुलं पहिल्या शब्दापासून लिहायला लागतात आणि वाक्य संपायच्या आत अडकतात. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं, 'नाही' तर त्याच्याही मागून. अर्धं वाक्य लिहून थांबलेल्याच्या वहीत नेमका उलटा अर्थ राहतो. म्हणून माझ्या वर्गात एकच सक्तीचा नियम आहे: वाक्य पूर्ण होईपर्यंत पेन टेकवायचं नाही. आणि 'पण', 'मात्र', 'म्हणून', 'त्यामुळे' हे शब्द आले की कान टवकारायचे, कारण मुद्दा तिथे वळतो.

आता मोबाईल उलटा टांगायचा. दोन बाकांच्या मध्ये लाकडी पट्टी आडवी ठेवते, तिच्यावर मोबाईल, कॅमेरा खाली वहीकडे. केबलने लॅपटॉपला जोडला की माझं लिहिणं पडद्यावर दिसतं. तोच आवाज लावून मी मुलांसमोर टिपण काढते आणि मोठ्याने बोलत राहते: "हे उदाहरण, सोडलं. हे पुन्हा तेच, सोडलं. हा आकडा नंतर लागेल, घेतला." आमच्या नदीचं नाव पंचगंगा, ते पूर्ण लिहायला वेळ नाही म्हणून 'पं.', कारण दाखवायला बाण. माझंही चुकतं, खोडते. माझी खाडाखोड बघून पोरं खूश होतात आणि स्वतःची वही लपवायची थांबवतात. तयार पीडीएफमध्ये नेमकी ही खाडाखोड दिसत नसे.

पानाची आखणी कॉर्नेल पद्धतीची. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी ती रूढ केली. डावीकडे साधारण तिसरा हिस्सा मोकळा, उजवीकडे टिपण, खाली चार ओळी सारांशाला. डाव्या बाजूला त्याच दिवशी घरी जाऊन प्रश्न लिहायचे. निम्मी मुलं ते करत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिली पाच मिनिटं त्याला देते, झालं.

मुलांना टायपिंग का नाही, असं पालक विचारतात. अमेरिकेत २०१४ मध्ये एक अभ्यास गाजला होता: लॅपटॉपवर टिपण घेणारे विद्यार्थी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवतात, असं त्यात दिसलं. नंतरच्या चाचण्यांत हाताने लिहिण्याचा फायदा तितका ठळक निघाला नाही, त्यामुळे मी त्याचा झेंडा मिरवत नाही. माझ्याकडे लॅपटॉपच एक आहे, हे खरं कारण.

सारांशाचं काम मात्र लॅपटॉपवरच रंगतं. दहावीच्या पेपरात अपठित उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश स्वतःच्या शब्दांत लिहायचा पर्याय असतो आणि मुलं पहिली तीन वाक्यं उतरवून मोकळी होतात. मी उतारा गूगल डॉक्समध्ये टाइप करून पडद्यावर लावते. एकदाचा उतारा असा होता:

"पावसाळ्यात धरणक्षेत्रात जोराचा पाऊस झाला की पंचगंगेचं पाणी वाढू लागतं. राजाराम बंधाऱ्याजवळ पातळी ३९ फुटांवर गेली की ती इशारा पातळी मानतात आणि ४३ फुटांवर धोका पातळी. २०१९ आणि २०२१च्या पुरात पाणी याच्या कितीतरी वर गेलं होतं, रस्ते बंद झाले होते आणि शहराचा आजूबाजूच्या गावांशी संपर्क तुटला होता."

शब्द सत्तेचाळीस. डिलीट करायचं नाही, स्ट्राइकथ्रूने नुसती रेघ मारायची. पुसलेलं विसरतं, रेघ मारलेल्यावर भांडता येतं. प्रत्येक शब्दावर हात वर करून मतदान. 'जोराचा' गेला. 'पावसाळ्यात' गेला. कुणीतरी म्हणालं, सारांशात आकडे नसतात, ३९ काढा, धोका ४३ ला आहे तेवढा ठेवा. बहुमत झालंच होतं, तेवढ्यात नदीकाठच्या चिखली गावाहून येणारा एक मुलगा उठला. "बाई, ३९ काढू नका. ४३ ला कळून काय उपयोग? आमची जनावरं ३९ लाच हलवायला लागतात."

वर्ग गप्प. ३९ राहिला. शेवटी उरलेले शब्द जुळवून खाली लिहिलं ते असं: "पंचगंगेची इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३ फूट, २०१९, २०२१मध्ये पाणी त्याच्याही वर जाऊन संपर्क तुटला." वर्ड काउंट लावला, बरोबर सोळा. आकडे सोडा, उदाहरणं सोडा हे नियम मीच शिकवले होते. आता त्याआधी एक प्रश्न विचारायला लावते: हा सारांश वाचणार कोण?

व्हॉइस टायपिंग महिन्यातून एकदा. वही मिटायची, लॅपटॉपसमोर येऊन मिनिटभरात सारांश बोलायचा, भाषा मराठी निवडलेली. आपली बोली त्याला पचत नाही, काहीच्या काही उमटतं आणि हशा पिकतो. तरी 'म्हणजे काय', 'आणि मग' किती वेळा आलं ते पडद्यावर दिसतं. नेट लागतं, लाइट गेली तर पुढच्या आठवड्यात.

एआयचं काय, हा प्रश्न आता दर पालकसभेला येतो. मुलांचा सारांश लिहून झाल्याशिवाय मी ते उघडत नाही. पुराचा उतारा एका एआयला दिला तेव्हा त्याने सुबक दोन वाक्यं केली. ४३ ठेवला, ३९ गाळला. चिखलीच्या पोराने मागे वळून सगळ्यांकडे बघितलं.

तपासताना अक्षर आणि रंगीत शाई बघू नका. मी आठवड्याने पाच प्रश्न देते आणि शेजाऱ्याची वही उघडून उत्तरं लिहायला सांगते, स्वतःची नाही. उत्तर सापडलं नाही की पोरं वहीच्या मालकाशी जे भांडतात, तेवढं मला कधीच ओरडता आलं नसतं.