सस्पेंडमधून उठलेल्या व्हर्च्युअल मशीनचं मागे पडलेलं घड्याळ

रात्री सस्पेंड केलेलं लिनक्स व्हीएम सकाळी उठतं आणि कालचीच वेळ दाखवतं. गेस्टचा (म्हणजे व्हीएमच्या आतल्या सिस्टिमचा) कर्नल तेवढा वेळ गोठलेला असतो. मग नुकतीच दिलेली टीएलएस प्रमाणपत्रं (वेबसाइटची ओळख पटवणारी) 'अजून वैध नाही' म्हणून नाकारली जातात, ओटीपी जुळत नाहीत, 'मेक' हे प्रोग्रॅम बांधणारं साधन फाइलींच्या वेळांवरून गोंधळतं.

क्रोनी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा, चालू असूनही असं का? बऱ्याच लिनक्स डिस्ट्रोंत क्रोनीच्या कॉन्फिगमध्ये 'मेकस्टेप १ ३' असतं: १ सेकंदापेक्षा मोठा फरक उडी मारून भरायचा, पण फक्त पहिल्या ३ अपडेटांत. त्यानंतर घड्याळ हळूहळू सरकतं, सेकंदाला फार तर एक-द्वादशांश सेकंद. म्हणजे ८ तासांचा फरक भरायला ४ दिवस! याच कामाचं जुनं एनटीपीडी तर १००० सेकंदांपुढचा फरक दिसताच बंदच पडतं.

तात्पुरता उपाय: रूट म्हणून क्रोनीसीला (क्रोनीला आज्ञा देणारी कमांड) आधी 'बर्स्ट ४/४' द्या, म्हणजे लगोलग ४ मोजमापं होतात, दहाएक सेकंद थांबा, मग 'मेकस्टेप', म्हणजे लगेच उडी. नव्या मोजमापाआधी मेकस्टेप दिलं तर काहीच हलत नाही. इथेच बहुतेकजण फसतात.

कायमचा: क्रोनीच्या कॉन्फिग फाइलीत मेकस्टेपच्या ओळीतल्या ३ च्या जागी उणे १ (म्हणजे कधीही उडी चालेल) लिहा, सेवा रीस्टार्ट करा. डेटाबेस सर्व्हरवर मात्र जपून, अचानक उडी त्याला मानवेलच असं नाही.

केव्हीएमवर (लिनक्सची व्हीएम चालवणारी सोय) गेस्टमध्ये गेस्ट एजंट हा मदतनीस प्रोग्रॅम असेल तर होस्टवरून, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या मूळ मशीनवरून, 'व्हर्श डोमटाइम', पुढे व्हीएमचं नाव आणि 'नाऊ' पर्याय, एवढंही पुरतं.