फास्टिंग नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका : साखरेचे रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

रिपोर्ट हातात पडला की नजर आधी फास्टिंगवर जाते. ९६ दिसले की सुटकेचा निःश्वास, आणि कागद कपाटात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रात्रभर उपाशी असताना शरीर साखर कशीबशी सांभाळून नेतं. त्याची दमछाक होते ती पोळी-भात पोटात गेल्यावर. युरोपातल्या 'डीकोड' अभ्यासाने १९९९ मध्येच दाखवून दिलं, की ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी मोजलेली साखर मृत्यूचा धोका फास्टिंगपेक्षा नेमका सांगते. हा आकडा १४० ते १९९ मध्ये असेल, तर फास्टिंग कितीही सुंदर असो, गाफील राहू नका.

पीपीला, म्हणजे जेवणानंतरची साखर तपासायला, जाताना चहा-बिस्किटावर भागवू नका. रोजचं जेवा आणि दोन तास पहिल्या घासापासून मोजा. मधुमेहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्या दिवशी ती चुकवू नका.

तपासणीआधी चार दिवस गोड बंद करणारे पुष्कळ. त्याने फास्टिंग थोडी खाली येईलही, पण एचबीएवनसी ही रक्ततपासणी दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा हिशोब मांडते. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे प्रीडायबेटिस (मधुमेहाच्या आधीची पायरी), ६.५ पासून मधुमेह. मात्र ही तपासणीही चकवते. अंगात लोह कमी असेल तर आकडा खोटा वाढू शकतो. आपल्या कितीतरी बायकांना अॅनिमिया असतो, म्हणून हिमोग्लोबिन सोबत बघाच. उलट सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर आकडा फसवा कमी येऊ शकतो. सिकलसेल जास्त आढळणाऱ्या गडचिरोली-नंदुरबारकडच्या डॉक्टरांना हे ठाऊक असतं. शहरात तपासणी करताना तुम्ही स्वतःहून सांगा.

'फक्त बॉर्डरलाइन आहे' हे वाक्य मला फार खटकतं. हृदयाचा धोका ६.५ वर बटण दाबल्यासारखा सुरू होत नाही, त्याच्या आधीपासून चढत जातो. त्यात बीपी, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि तंबाखूची भर पडते. साखर आटोक्यात आणली आणि एलडीएल कधी तपासलंच नाही, तर काम अर्धवट राहिलं. आणि 'मी तर बारीक आहे' म्हणू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, या दोन्ही मधुमेह-संशोधकांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३ होता, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के निघाली. तेव्हा वजनकाट्यासोबत टेपही घ्या: कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर, बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत हवी.

शेवटची चूक जिवावर बेतते. मधुमेहात नसा बधिरल्या असतील तर हार्ट अटॅकला छातीत कळ येईलच असं नाही. अचानक धाप, दरदरून घाम, जबडा किंवा डावा हात दुखणं, मळमळ असं काही झालं तर 'गॅस असेल' म्हणून ओवा चावत बसू नका. १०८ ला फोन लावा.