इलेक्ट्रिक युनिसायकल: मोटरच्या वॅटवर किती भरवसा ठेवावा?

इलेक्ट्रिक युनिसायकल म्हणजे मोटरच्या जोरावर तोल सांभाळणारं एकचाकी वाहन. जाहिरातीतला वॅटचा आकडा ‘नॉमिनल’ आहे की ‘पीक’, ते आधी पाहा. नॉमिनल म्हणजे मोटर फार न तापता सतत देऊ शकेल ती शक्ती. पीक काही सेकंदांपुरतीच. दोन्ही आकडे कंपनीच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या वॅटची तुलना फारशी कामाची नाही.

खरी मेख बॅटरीत असते. किंगसाँग कंपनीच्या १६एक्स आणि एस१८ या दोन्ही युनिसायकलींवर २२०० वॅटच लिहिलंय, पण बॅटरी अनुक्रमे १५५४ आणि १११० वॅट-अवर (बॅटरीत मावणारी ऊर्जा). बॅटरीच्या नॉमिनल ७४ व्होल्टला २२०० वॅट म्हणजे साधारण ३० अँपिअर. समांतर जोडलेले, म्हणजे हा प्रवाह आपसात वाटून घेणारे सेल ६ असतील तर प्रत्येकावर ५ अँपिअर, ३ असतील तर १०. सेलवर भार जितका जास्त, तितका व्होल्टेज जास्त खाली बसतो.

व्होल्टेज घटला की चाकाची कमाल गतीही त्याच प्रमाणात घटते. पूर्ण चार्जला ८४ व्होल्ट असलेली बॅटरी ६४ वर आली, तर जवळपास चौथा हिस्सा गेलाच. चढावर किंवा समोरच्या वाऱ्यात अशा वेळी जोर लावलात, तर तोल सावरायला मोटरकडे ताकद उरत नाही आणि स्वार थेट तोंडावर आपटतो.

म्हणून विकत घेताना वॅटऐवजी विनाभार (चाक हवेत उचलून फिरवल्यावरची) कमाल गती, वॅट-अवर आणि समांतर सेलची संख्या विचारा. विक्रेता नुसता पीक आकडाच सांगत राहिला, तर दुसरं दुकान बघा.