मांजराची क्रीमी ट्रीट घेताना या चुका टाळा

कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते. घरात पाच मांजरं आहेत, आणि गल्लीतली किती येऊन जेवून जातात ते मोजायचं मी सोडून दिलंय. त्यामुळे ओळखीतल्या कुणी मांजर पाळलं की पहिला फोन मला येतो, आणि प्रश्न ठरलेला असतो: "काकू, कुठली क्रीमी ट्रीट चांगली?" क्रीमी ट्रीट म्हणजे मांजराला चाटवायचा पातळ खाऊ, बारीक नळीसारख्या पुडीत येतो तो. मी सांगते, पाकिटाच्या मागे काय लिहिलंय ते वाच. पलीकडून उत्तर येतं, "पाकीट तर फेकून दिलं."

हे ऐकून ऐकून थकले, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय.

"आवडीनं खातंय, म्हणजे चांगलंच असणार"

या एका वाक्यानं जेवढं नुकसान झालेलं मी पाहिलंय, तेवढं दुसऱ्या कशानं नाही. दुकानदारही हेच सांगतो, "मॅडम, मांजर तुटून पडतंय बघा यावर." तुटून पडणारच. वास आणि चव मांजराला ओढून घेईल अशीच ती बनवलेली असते. त्यावरून आत मांस किती आणि पीठ किती हे कळत नाही.

माझ्या नणंदेचा बोका, बाळ्या. साडेसहा किलोचा, गुबगुबीत, सगळ्यांचा लाडका. एकदा तापात त्यानं दाणे, म्हणजे मांजराचं रोजचं कोरडं खाणं, खायचं सोडलं, म्हणून तिनं टूनाची क्रीमी ट्रीट चाटवली. ताप गेला, पण बाळ्या दाण्यांकडे परत बघेना. ताटलीपाशी बसून ओरडायचा, ही कळवळून नळी फोडायची. मी दोनदा बोलले. तिचं म्हणणं, "वहिनी, खातोय की तो! उपाशी थोडाच ठेवलाय?"

प्रत्यक्षात तो उपाशीच होता. तिच्याकडच्या पाकिटावर एका नळीत ६ कॅलरी लिहिल्या होत्या. दिवसाला दहा नळ्या दिल्या तरी साठ कॅलरी होतात. घरात राहणाऱ्या चार-पाच किलोच्या मांजराला दिवसाला दोनशेच्या आसपास लागतात. महिनाभर हे असंच चाललं. मग दुकानात तो फ्लेवर संपला. दुसरा आणला, बाळ्यानं तोंड फिरवलं. दाणे नकोत, चिकन नको. चौथ्या दिवशी मला बोलावलं तेव्हा मी त्याचा कान उजेडात धरून आतून पाहिला, तर हळद लावल्यासारखा पिवळा. हिरड्याही पिवळ्या.

डॉक्टरांनी सांगितलं, यकृतात चरबी साठलीय. जाड मांजरानं दोन-तीन दिवस अन्न सोडलं की शरीर अंगातली चरबी मोडायला काढतं आणि ती यकृताला झेपत नाही. मानेतून नळी घालून तीन आठवडे पातळ अन्न द्यावं लागलं. दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. बाळ्या वाचला. माझी नणंद मात्र त्या तीन आठवड्यांत अर्धी झाली.

पाकिटावर बारीक अक्षरात 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलेलं असतं, म्हणजे पूरक खाणं. 'कम्प्लीट' लिहिलेलं असेल तरच ते पूर्ण जेवण. टॉरिन नावाचं पोषक द्रव्य मांजराला खाण्यातून मिळावंच लागतं. ते कमी पडलं तर हृदयाचे स्नायू ढिले पडतात हे १९८७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, आणि डोळ्यांचा पडदाही खराब होतो. यादीत टॉरिन दिसलं म्हणजे ती ट्रीट जेवण झाली, असंही समजू नका. ट्रीटमधून दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ नये असं डॉक्टर सांगतात. माझ्याकडे एका मांजराला दिवसाला एक नळी, तीही जेवण झाल्यावर. ओरडू दे. अर्धा तास ओरडतं, मग झोपतं. नव्या लोकांना तेवढा अर्धा तासही धीर धरवत नाही.

प्रोटीनचा आकडा वरवर वाचणे

"काकू, दाण्यांच्या पाकिटावर ३२ टक्के प्रोटीन आहे, ट्रीटवर फक्त ७. म्हणजे ट्रीट बेकार ना?" असं विचारणाऱ्याचं मला कौतुक वाटतं, निदान पाकीट तरी उलटून बघितलंय. पण हिशेब चुकला. ट्रीटमध्ये बहुतेक पाणीच असतं, म्हणून पाणी बाजूला काढून बघायचं.

ट्रीटवर पाणी ९१ टक्के लिहिलंय, म्हणजे कोरडा माल उरला ९. त्यातलं प्रोटीन ७. सात भागिले नऊ, म्हणजे जवळजवळ ७८ टक्के. दाण्यांत पाणी १०, कोरडा माल ९०, प्रोटीन ३२, म्हणजे साडेपस्तीस. आता तिसरं पाकीट घ्या, तसलंच एक माझ्या फडताळात पडून आहे: पाणी ८५, प्रोटीन ४. कोरडा माल १५, त्यात प्रोटीन २७ टक्केसुद्धा भरत नाही. मग उरलेलं काय? यादी वाचली तर चिकननंतर लगेच टॅपिओका स्टार्च. साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्याचंच हे पीठ. लेबलवरचं प्रोटीन 'कमीत कमी' आणि पाणी 'जास्तीत जास्त' असतं, त्यामुळे हिशेब अंदाजाचाच. पण दोन पाकिटांतला फरक त्यात लपत नाही.

यादीतले घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं असतात. पहिलं नाव पाण्याचं असलं तर घाबरू नका, पातळ पदार्थात पाणी असणारच. पाण्याच्या शेजारी चिकन, टूना असं मांसाचं स्पष्ट नाव पाहिजे. नुसतं 'मीट अँड ॲनिमल डेरिव्हेटिव्ह्ज' असेल तर मी पाकीट परत ठेवते, कारण कुठल्या जनावराचं काय हे त्यातून कळत नाही. 'टूना फ्लेवर' आणि 'टूना' यांतही फरक आहे. फ्लेवर म्हणजे चव, मासा असेलच असं नाही.

ग्वार गम बघून काही जण दचकतात. आपल्या गवारीच्या बियांचा डिंकच तो. दाटपणा येण्यासाठी थोडा असतो, यादीच्या शेवटी असेल तर माझी हरकत नाही. साखर आणि रंगाला मात्र आहे. मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही आणि रंगाशी त्याला देणंघेणं नाही. ते दोन्ही पैसे देणाऱ्या माणसासाठी घातलेले असतात.

नवं पाकीट आणलं की माझी एक सवय आहे. स्टीलच्या ताटलीवर वाटाण्याएवढी ट्रीट काढते, बोटानं पसरते आणि प्रथमोपचाराच्या डब्यातल्या आयोडीनचा थेंब पाण्यात मिसळून त्यावर टाकते. शाळेत बटाट्यावर टाकायचो तसंच. पीठ असेल तर पिवळट थेंब बघता बघता काळा-निळा होतो. पीठ किती आहे हे यातून कळत नाही, आहे एवढंच कळतं. पण पुढच्या बाजूला 'प्युअर चिकन' छापलेल्या एका पाकिटाचा थेंब शाईसारखा झाला, त्या दिवसापासून पुढची बाजू मी वाचत नाही. तपासलेला भाग लगेच धुऊन टाकायचा, मांजराच्या तोंडी जाता कामा नये.

"त्यापेक्षा घरचं अळणी देतो की"

खास आपल्या कोल्हापूरची चूक. मटणाचा बेत असला की तांबड्या-पांढऱ्या रश्श्याआधी अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, काढतात, पोरांना पाजतात, आणि तिखट नाही म्हणून वाटीभर मांजरापुढे ठेवतात. अळणीत तिखट नसतं, पण कांदा, आलं, लसूण असतं. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवल्यानं, गाळल्यानं ते जात नाही. लघवी गडद तांबूस होते, मांजर धापा टाकायला लागतं, आणि ते दोन-चार दिवसांनी दिसतं, तेव्हा मटणाचा बेत कुणाला आठवतही नाही. याच कारणानं ट्रीटच्या यादीत कांदा किंवा लसूण पावडर दिसली तर पाकीट घेऊ नका.

घरचंच द्यायचं तर बिनहाडाचं चिकन नुसत्या पाण्यात शिजवा. मीठ नाही, हळद नाही. त्याच पाण्यात मिक्सरला बारीक करा आणि फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. हेसुद्धा खाऊच, जेवण नव्हे.

गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध आपल्यासाठी. वाढ पूर्ण झालेल्या मांजरांपैकी बहुतेकांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. ट्रीटमध्ये दूध पावडर वरच्या नंबरात असेल तरी तेच.

बाकीच्या चुका, थोडक्यात

बरणीतल्या सुट्या नळ्या घेऊ नका. घटकांची यादी पुष्कळदा बरणीवरच असते आणि सुट्या नळीवर काहीच वाचता येत नाही.

परदेशी पाकिटावर आयातदाराचं स्टिकर नेमकं यादीवर चिकटवलेलं असेल तर दुसरं पाकीट मागा.

'प्रॉपिलीन ग्लायकॉल' (ओलावा टिकवायला घालतात ते रसायन) वाचलं की पाकीट परत ठेवून द्या. अमेरिकेत १९९६ पासून मांजराच्या खाण्यात त्यावर बंदी आहे.

किडनीचा त्रास असलेल्या मांजराला डॉक्टरांना यादी दाखवल्याशिवाय काही चाटवू नका. अशा मांजराला जड जाणाऱ्या फॉस्फेटची नावं यादी वाचताना आपल्या नजरेतून सहज निसटतात.

फुगलेली नळी फोडूच नका. एप्रिल-मेमध्ये उन्हात ठेवलेला माल घेऊ नका, आणि फोडलेली नळी अर्धी उरली तर फ्रीजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवा.

गोळी ट्रीटमध्ये चुरून देण्याआधी विचारा. काही गोळ्या चुरायच्या नसतात. डॉक्सीसायक्लीन ही अँटिबायोटिक गोळी तर कोरडी अडकली की अन्ननलिका भाजते. मी ती गोळी दिल्यावर लगेच पाणी मिसळलेली ट्रीट चाटवते.

आणि नळी तोंडात देऊन पिळू नका. व्हिडिओत छान दिसतं, पण मांजर चावतं आणि चावता चावता प्लॅस्टिकचा तुकडा पोटात जातो. चमच्यावर काढा. फाडलेला कोपराही ओट्यावर टाकू नका, त्याला वास असतो. माझी सगळ्यात धाकटी मांजर तो शोधत ओट्यावर चढते, म्हणून मी तो नळीतच कोंबून झाकणाच्या डब्यात टाकते आणि मगच चमचा खाली ठेवते.