हेड फेस केलं आणि टॅपेट वाजायला लागले

फोक्सवॅगन बीटल गाडीचं १६०० सीसी इंजिन बांधलं, थंड असताना टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट) ०.१५ मिमीला लावले, तरी तीन-चार नंबरच्या सिलिंडरच्या बाजूला टकटक. झाकण काढलं तर रॉकरचा स्क्रू व्हॉल्व्हच्या टोकाच्या काठावर घासत होता. फेसिंगमध्ये, म्हणजे सिलिंडरवर बसणारी बाजू मशीनवर सपाट करताना, हेड झिजलं, तेवढं खाली बसलं आणि पुशरॉड (कॅमची ढकल रॉकरपर्यंत नेणारी काडी) तेवढाच जास्त लांब ठरला. आधीच सुचायला हवं होतं!

पुण्याच्या नाना पेठेत हिंडून व्हॉल्व्हला मोजण्यापुरत्या हलक्या स्प्रिंगा मिळवल्या; कडक स्प्रिंगवर माप चुकतं. लांबी बदलता येईल असा पुशरॉड भोसरीत मित्राच्या लेथवर करून घेतला. डायल गेजवर व्हॉल्व्हची पूर्ण उचल ८.४ मिमी, म्हणजे अर्धी ४.२. तिथे क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) थांबवायचा. स्क्रू आणि व्हॉल्व्हची दांडी एका रेषेत हवी. माझा चांगलाच तिरका. रॉकरच्या स्टँडखाली शिम (पातळ पत्री) घाल, पुशरॉड फिरवून लांबी बदल, पुन्हा मोज. बायको दोनदा जेवायला हाक मारून गेली.

शेवटी व्हॉल्व्हच्या टोकाला काळं मार्कर फासून क्रँक दोन फेऱ्या फिरवला. बारीक पट्टा उमटला, मधोमध नाही, किंचित बाजूला. तो तसाच हवा, त्यानेच व्हॉल्व्ह स्वतःभोवती फिरत राहतो. मग त्या बाजूचे चारही पुशरॉड त्याच मापाने कापले.