कुत्र्याचं जेवण कसं ठरवावं: पाकीट, पातेलं आणि अंड्याचं टरफल

घरात कुत्रा आला की सल्ल्यांना तोटा नसतो. दुकानदार सगळ्यात महागडी बॅग पुढे करतो. शेजारच्या काकू सांगतात, ‘आमचा टॉमी दूध-पोळीवर म्हातारा झाला, त्याला काही झालं नाही.’ मोबाईलवर कुणीतरी कच्चं मांस खाऊ घालताना दिसतं आणि ‘लांडगा काय शिजवून खातो का?’ असं विचारतं. लांडगा नागपूरच्या मे महिन्यात तासभर उघड्यावर टांगलेलं चिकन खात नाही, एवढंच त्यावर उत्तर. कच्चं मांस माझ्या घरात बंद आहे, आणि लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असलेल्या घरात तर त्याचा विषयच काढू नये.

आधी वजन, मग भांडं

कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, आणि फरक लिहून ठेवा. मोठा असेल तर दवाखान्यातल्या काट्यावर न्या.

नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला रोज साधारण इतक्या कॅलरी लागतात: 5 किलोच्या कुत्र्याला 375, 10 किलोला 630, 20 किलोला 1060, 30 किलोला 1430 च्या आसपास. वजन दुप्पट झालं म्हणून जेवण दुप्पट होत नाही, हे इथेच ध्यानात घ्या. शिवाय हे आकडे फिरत्या कुत्र्याचे आहेत. फ्लॅटमध्ये कूलरसमोर पडून राहणाऱ्या आणि सकाळ-संध्याकाळ गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणाऱ्या लॅब्रेडॉरला यातून दहा-पंधरा टक्के कमी करून सुरुवात करा. बरगड्यांवर हात फिरवला की त्या सहज लागायला हव्यात, आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसायला हवी. नाही दिसली तर जेवण कमी करा. ‘हाडापेरानं मोठा आहे’ हे कारण मी ऐकून घेत नाही.

बिस्किटं, गाजराचे तुकडे, आजोबांच्या ताटातली पोळी हे सगळं मिळून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवायचं.

पाकीट घेणार असाल तर

समोरचं चित्र बघू नका, मागचं छापील बघा. ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असं लिहिलेलं हवं, आणि कोणत्या वयासाठी तेही हवं: ‘ग्रोथ’, ‘मेंटेनन्स’ किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’. सोबत आफ्को (अमेरिकेतली) किंवा फेडियाफ (युरोपातली) या पाळीव प्राण्यांच्या खाद्याचे निकष ठरवणाऱ्या संस्थांच्या निकषांचा उल्लेख असेल तर चांगलं. ‘कॉम्प्लिमेंटरी’, ‘ट्रीट’ किंवा ‘टॉपर’ लिहिलेलं असेल तर ते जेवण नव्हे, तोंडीलावणं आहे. ग्रेव्हीची बरीच छोटी पाकिटं याच जातीची असतात आणि लोक त्यावर कुत्रा वाढवतात.

प्रथिनांची तुलना करताना पाणी वजा करा. कोरड्या खाद्यात 10 टक्के ओलावा आणि 20 टक्के प्रथिनं असतील तर पाण्याशिवायचा हिशोब 22 टक्क्यांचा. ओल्या पाकिटावर 8 टक्के लिहिलेलं असतं, पण त्यात 80 टक्के पाणी असतं, म्हणजे खरा आकडा 40 टक्के. आफ्कोचा किमान निकष पाण्याशिवाय प्रौढांसाठी 18 आणि पिल्लांसाठी 22.5 टक्के आहे.

‘ग्रेन-फ्री’साठी जास्तीचे पैसे मोजू नका. डाळी आणि वाटाण्यांचा भरणा असलेल्या अशा खाद्यांचा हृदयाच्या आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने 2018 साली सुरू केली होती. कारण-परिणाम पक्का सिद्ध झाला नाही. पण तुमच्या कुत्र्याला तांदूळ-गहू चालत असेल तर तो टाळून मिळवायचं काय?

आणि सुटं खाद्य घेऊ नका. गोणी फोडून किलोवर विकलेल्या खाद्याला ना तारीख, ना बॅच नंबर, आणि पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष यकृत निकामी करतं आणि ते वासावरून दरवेळी कळतंच असं नाही.

घरचं शिजवणार असाल तर, आणि इथे नीट वाचा

नागपुरातल्या बहुतेक घरांत कुत्र्याचं जेवण म्हणजे चिकन-भात, नाहीतर दूध-पोळी. चिकन-भात वाईट नाही, अपुरा आहे. आणि काय अपुरं आहे हे कुणी सांगत नाही, कारण कुत्रा आवडीनं खातो, केस चमकतात, शेपूट हलते. मला सगळ्यात जास्त झुंजवलं ते याच टप्प्यानं.

अडचण कॅल्शियमची आहे. 100 ग्रॅम चिकनच्या मांसात फॉस्फरस 200 मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि कॅल्शियम जेमतेम 10-15 मिलिग्रॅम. कुत्र्याच्या शरीराला उलटं हवं असतं: कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीनं किंवा थोडं जास्त, फार तर दुप्पट. जेवणातून ते मिळालं नाही की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी कामाला लागतात आणि हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात आणतात. म्हणून रक्ताच्या तपासणीत कॅल्शियम नॉर्मल येतं. ‘रिपोर्ट चांगला आहे, काळजी नाही’ असं म्हणून लोक घरी येतात, आणि इकडे हाडं पोकळ होत असतात. पिल्लांत हे काही आठवड्यांत दिसतं: पाय वाकडे, लंगडणं, पलंगावरून उडी मारल्यावर मोडलेलं हाड. प्रौढांत महिनोन्‌महिने काहीच दिसत नाही. फसगत होते ती तिथेच.

आता यावर मिळणारे सल्ले एकेक करून बघू.

‘दूध देतो ना.’ 100 मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण 120 मिलिग्रॅम कॅल्शियम. 10 किलोच्या कुत्र्याला रोज पाऊण-एक ग्रॅम लागतं. म्हणजे रोज सहाशे ते आठशे मिलिलिटर दूध. बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही, तेव्हा कॅल्शियमच्या आधी जुलाब सुरू होतील.

‘नाचणी घाला.’ 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि त्यातलं बरंच फायटेट या धान्यातल्या घटकात अडकलेलं, म्हणून अंगी लागत नाही. एवढीशी आंबील पाजून हा खड्डा भरत नाही.

‘हाडं चघळतो.’ शिजवलेलं हाड कधीही नाही. कोंबडीचं तर नाहीच नाही. शिजल्यावर ते ठिसूळ होऊन टोकदार फुटतं, घशात अडकतं, आतड्याला भोक पाडतं. रविवारी मटण झालं की सोमवारी दवाखान्यात हाडवाले कुत्रे येतात, हे कुठल्याही डॉक्टरला विचारा.

‘औषधाच्या दुकानातलं कॅल्शियमचं सिरप.’ यात सहसा ड-3 जीवनसत्त्वही असतं. प्रमाण न मोजता पाजलं की दोन्हींचा अतिरेक होतो. मोठ्या जातीच्या पिल्लांना, म्हणजे लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन वगैरेंना, हे सगळ्यात घातक आहे. लहान वयात जास्तीचं कॅल्शियम आतड्यातच अडवण्याची क्षमता पूर्ण आलेली नसते, आणि हाडं वेडीवाकडी वाढतात. कमी पडलं तरी वाकडं, जास्त झालं तरी वाकडं. म्हणून माझं मत ठाम आहे: पिल्लाला, निदान वाढ पूर्ण होईपर्यंत, घरचं शिजवून मुख्य जेवण देऊ नका. वाढीसाठीचं पूर्ण खाद्य द्या; मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर पाकिटावर मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी असं स्पष्ट लिहिलेलं. वर कॅल्शियमचा एक थेंबही नको, मग सांगणारा कुणीही असो.

निरोगी प्रौढ कुत्र्यासाठी मात्र स्वस्त आणि मोजता येणारा उपाय आहे, तो म्हणजे अंड्याची टरफलं. ती धुवा, पाच-दहा मिनिटं उकळा, कडकडीत वाळवा (नागपुरात यासाठी ओव्हन लागत नाही, एप्रिलमधली गच्ची पुरते), आणि मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करा. बोटांना कण लागले तर पुन्हा फिरवा. एका सपाट चहाच्या चमच्यात, म्हणजे साधारण 5 ग्रॅम पुडीत, जवळपास 1.9 ग्रॅम कॅल्शियम असतं.

10 किलोच्या कुत्र्याचा दिवसभराचा एक हिशोब असा: 200 ग्रॅम बिनहाडाचं, बिनकातडीचं चिकन, 70 ग्रॅम तांदूळ, एक उकडलेलं अंडं, 80 ग्रॅम कोहळं किंवा गाजर किंवा दोडकं, एक चहाचा चमचा सूर्यफुलाचं तेल, चिमूटभर आयोडीनयुक्त मीठ, आणि त्यावर अर्धा सपाट चहाचा चमचा टरफलाची पूड. वजनं कच्च्या जिन्नसांची आहेत आणि ती काट्यावर मोजायची, अंदाजानं नाही. याच्या साधारण 630 कॅलरी होतात. पूड शिजताना टाकली काय, वरून घातली काय, फरक पडत नाही. ती सगळी पोटात जाते ना ते बघा, कारण तळाशी बसलेली पूड काही कुत्रे सोडून देतात.

एवढ्यानंही ताट पूर्ण होत नाही. जस्त, तांबं, मँगेनीज, ड आणि ई जीवनसत्त्व कमी पडतंच. आठवड्यातून एकदा-दोनदा छोटा तुकडा काळीज, म्हणजे लिव्हर (रोज नाही, अ जीवनसत्त्व साठून राहतं) आणि घरच्या शिजवलेल्या जेवणासाठीच बनवलेली जीवनसत्त्व-खनिजांची पूड, ही दोन्ही लागतात. त्या पुडीत आधीच कॅल्शियम असेल तर टरफल बंद करा. डबा उलटा करून वाचा, नाहीतर डॉक्टरांना दाखवा. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आहाराचा हा कागद घेऊन तिथे किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि ‘यात काय कमी आहे?’ एवढंच विचारा. मूत्रपिंडाचा आजार, खडे किंवा स्वादुपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याला वरचा हिशोब लागू नाही.

शाकाहारी घरांसाठी: कुत्र्याला मांसाशिवाय ठेवता येतं, मांजरीला नाही. पण ते पोळी-वरणावर होत नाही. निदान अंडी तरी चालू द्या. गॅलरीत वेगळी शेगडी मांडून कुत्र्याची अंडी उकडणारी घरं नागपुरात कमी नाहीत, आणि त्या कुत्र्यांचं छान चाललंय. अंडंही चालत नसेल तर सरळ शाकाहारी पूर्ण खाद्याचं पाकीट आणा, स्वतःची रेसिपी करू नका.

ताटात कधीच नको

कांदा आणि लसूण: कच्चे, शिजलेले, पूड, सगळेच. तांबड्या रक्तपेशी फुटतात. म्हणजे सावजी रस्सा, तर्री, उरलेल्या भाजीचा रस्सा हे सगळं बाद. ‘फक्त पाण्यानं धुतलेलं पीस दिलं’ हेही नको. कांदा-लसूण मांसात मुरलेला असतो, तेल-तिखट वेगळंच.

द्राक्षं, मनुका, बेदाणे: एखाद्या कुत्र्याचं मूत्रपिंड थोडक्यातही जातं, दुसऱ्याला काही होत नाही, आणि तुमचा कोणता हे आधी कळत नाही. 2021 पासून संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि तेच चिंचेत भरपूर असतं, म्हणून चिंचेचं सारही नको. प्रसादाच्या शिऱ्यातल्या मनुका लक्षात ठेवा. गणपतीत प्रत्येक पाहुणा ‘एवढासा प्रसाद’ देतो.

चॉकलेट, दारू, आणि शुगर-फ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल. शेंगदाण्याच्या बटरचा डबाही वाचून घ्या, काहींत झायलिटॉल असतं.

आंब्याची कोय. जून महिन्यात ही आतड्यात अडकते आणि शस्त्रक्रिया करावी लागते.

आणि खर्रा. रस्त्यावर फेकलेल्या खर्ऱ्याच्या पन्न्या कुत्रे हुंगतात, चघळतात. तंबाखूतलं निकोटिन त्यांच्यासाठी विष आहे. फिरायला नेताना पानठेल्यासमोरून दोरी आखडून न्या.

संत्र्याची मात्र भीती नको. बी आणि साल काढून एक-दोन फोडी चालतात. संत्रा बर्फी चालत नाही.

असं काही खाल्लं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. त्यानं मिठाची विषबाधा होते आणि डॉक्टरांपुढे एकाऐवजी दोन दुखणी उभी राहतात. काय खाल्लं, किती, किती वाजता, हे लिहा, रिकामं पाकीट सोबत घ्या आणि निघा.

नागपूरचा उन्हाळा

पारा 45 च्या पुढे गेला की कुत्रं खात नाही, आणि घरचे घाबरून दूध, आइस्क्रीम, बिर्याणी असं काहीही पुढे करतात. असं करू नका. जेवणाची वेळ बदला: सकाळी सहाच्या आत आणि रात्री आठनंतर. दुपारी जेवण नाहीच. ओलं जेवण वीस-पंचवीस मिनिटांत उचला, नवतप्यात (मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) तर त्याहून लवकर. चोवीस तास पाण्याला तोंड लावलं नाही, किंवा खाणं सोडल्यावर सुस्ती, उलट्या, धाप दिसली तर तो नखरा नाही, दवाखाना आहे.

कोरडं खाद्य मूळ पिशवीतच ठेवा, पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात, स्वयंपाकघराच्या थंड कोपऱ्यात. गच्चीच्या जिन्यात नाही. उष्णतेनं त्यातलं तेल खवट होतं. मोठी बॅग स्वस्त पडते म्हणून एकट्या पॉमेरेनियनसाठी आणू नका, उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपेल तेवढीच घ्या.

जुनं सोडून नवं

सात ते दहा दिवसांत, पाव-पाव भाग वाढवत. शौच पातळ झालं तर मागच्या प्रमाणावर दोन दिवस थांबा. मे महिन्यात, फटाक्यांच्या दिवसांत किंवा घर बदलताना हा उद्योग सुरू करू नका. नवं जेवण सुरू झालं की दर पंधरा दिवसांनी वजन घ्या आणि तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या लसीकरणाला जाताना तो कागद सोबत न्या.