आई-बाबा यायच्या आधी शिकागो तुम्ही बघून ठेवा

मार्च-एप्रिल आला की नव्याने आलेल्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: "जूनमध्ये आई-बाबा येताहेत, शिकागोत काय काय दाखवू?" उत्तरादाखल लगेच पंधरा जागांची यादी येते. विचारणाऱ्याला इथे येऊन जेमतेम आठ महिने झालेले असतात, त्यातले पाच थंडीत गेलेले असतात आणि शहरात जाऊन त्याने स्वतः फक्त 'बीन' नावाच्या चकचकीत शिल्पासमोर फोटो काढलेला असतो. मी बावीस वर्षं शिकागोच्या नेपरव्हिल या उपनगरात राहते आहे. या काळात माझे आई-बाबा, सासूबाई, मावशी, मामेभाऊ असे कितीतरी पाहुणे फिरवले. त्यावरून मनापासून सांगते, पाहुणे येण्याआधी हे शहर तुम्ही स्वतः बघा. तेही नुसतं पायाखालून घालू नका. ज्यांना ते ठाऊक आहे अशा माणसांबरोबर हिंडून बघा.

आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा मी हे केलं नव्हतं. एका दिवसात सहा ठिकाणं दाखवणारी बसची सहल घेतली. कानाला लावायच्या यंत्रात ध्वनिमुद्रित माहिती चालू होती, ती आईला नीट कळत नव्हती. वरच्या मजल्यावर ऊन रणरणत होतं आणि प्रत्येक थांब्यावर वीस मिनिटांत परत बसमध्ये चढायचं होतं. संध्याकाळी घरी आल्यावर बाबांनी शांतपणे विचारलं, "आज आपण नक्की काय बघितलं गं?" मला सांगता येईना. त्या दिवसापासून घरात नियमच केला, एका दिवशी एकच मोठी गोष्ट बघायची.

ती पहिली मोठी गोष्ट म्हणजे नदीतली आर्किटेक्चर बोट. शिकागोत एकच तिकीट काढायचं असेल तर हेच काढा. बोटी बऱ्याच कंपन्यांच्या आहेत, पण मी शिकागो आर्किटेक्चर सेंटरची फेरी घेते. मिशिगन अव्हेन्यूच्या पुलाजवळून ती सुटते आणि दीड तासात नदीच्या तिन्ही फाट्यांवरून फिरवून आणते. माहिती सांगायला डोसंट असतात, म्हणजे प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक. बरेचसे निवृत्त झालेले, शहरावर जीव असलेले लोक. साधारण मार्चअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत फेऱ्या चालतात. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारची तिकिटं आधीच संपतात, म्हणून शक्यतो मधल्या वारी सकाळची वेळ धरा. धक्क्यावर जायला जिना उतरावा लागतो. गुडघे दुखत असतील तर बिनजिन्याचा रस्ता तिकीट काढतानाच विचारून घ्या. आणि जून असला तरी स्वेटर, कानटोपी जवळ ठेवा. मिशिगन तळ्याकाठी हवा उपनगरापेक्षा चांगलीच गार असते आणि बोटीवर वारा थेट अंगावर येतो.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उमेदीची वर्षं उजनीच्या कालव्यांवर गेली. दुसऱ्या खेपेला त्यांना या बोटीवर नेलं. पहिली पंधरा मिनिटं ते नुसते इमारतींकडे बघत होते. मग डोसंटने सांगितलं की ही नदी उलटी वाहवलेली आहे. शहराचं सांडपाणी नदीतून मिशिगन तळ्यात जायचं आणि पिण्याचं पाणीही त्याच तळ्यातून यायचं. रोगराई थांबेना. तेव्हा ४५ किलोमीटरचा कालवा खणून त्याचा तळ नदीपेक्षा खोल ठेवला आणि २ जानेवारी १९०० रोजी पाणी तळ्याकडून उलट, मिसिसिपीच्या खोऱ्याकडे सोडलं. खालच्या अंगाच्या सेंट लुईसला हे सांडपाणी नको होतं. मिसूरी राज्य कोर्टातून मनाई आणेल या धास्तीने ते पहाटे गाजावाजा न करता उरकलं गेलं. बाबा ताडकन उभे राहिले. "विचार त्यांना, उतार किती ठेवला?" बोट धक्क्याला लागल्यावर ते डोसंट आजोबा आणि माझे बाबा कठड्याशी उभे होते. माहितीपत्रकाच्या पाठीवर पेनाने कालव्याचा छेद काढला जात होता आणि बाबांचं इंग्रजी कुठेही अडत नव्हतं. ते माहितीपत्रक पुण्याच्या घरी अजून कपाटात आहे.

म्हणून सांगते, तुमच्या आई-बाबांचं आयुष्य कशात गेलं ते आधी आठवा आणि त्याप्रमाणे सहल निवडा. याच सेंटरच्या पायी सहली वर्षभर असतात. थंडीत इमारतींच्या आतल्या आतही नेतात. सेंटरमध्ये शहराची छोटी प्रतिकृती आहे, चार हजारांहून जास्त इमारतींची. बोटीच्या आधी ती दाखवली तर वरून-खालून सगळं नीट जुळतं. शिकागो ग्रीटर म्हणून एक उपक्रमही आहे. त्यात स्थानिक स्वयंसेवक तुमच्या छोट्या गटाला एखादा परिसर चालत दाखवतो, पैसे लागत नाहीत. फक्त आधी नोंदणी करायची. रस्त्यावर 'फ्री टूर' म्हणून ज्या चालतात त्यांचा व्यवहार निराळा आहे. तिथल्या गाइडचं पोट टिपवर असतं, तेव्हा पाकिटात सुट्टे डॉलर ठेवा.

उंच इमारतीवर जायचा आग्रह पाहुणे धरतातच. विलिस टॉवर की जुना जॉन हॅनकॉक, यातलं एकच निवडा. विलिसच्या १०३ व्या मजल्यावर काचेच्या खोक्यात उभं राहता येतं. हॅनकॉकच्या ९४ व्या मजल्यावरून तळं आणि किनारा जास्त देखणा दिसतो. मला दुसरा आवडतो. पण कुठेही गेलात तरी फझलूर रहमान खान हे नाव पाहुण्यांना जरूर सांगा. ढाक्यात जन्मलेल्या, कोलकात्याजवळ शिबपूरच्या कॉलेजात शिकलेल्या या इंजिनिअरने दोन्ही इमारतींची रचना केली. विलिस टॉवर म्हणजे नऊ चौकोनी नळ्यांची मोळी. एकमेकींना बांधल्यामुळे वाऱ्याला तोंड देते आणि वर जाता जाता एकेक नळी मध्येच थांबते. माझ्या मुलाला हे कळेना, तेव्हा बाबांनी ओट्यावरच्या स्पॅगेटीच्या काड्या घेतल्या. एक काडी वाकवून मोडून दाखवली, मग नऊ काड्यांना रबर लावून त्याच्या हातात दिल्या. जेवण तासभर लांबलं.

आर्ट इन्स्टिट्यूटला जाताना दाराशी दोन हिरवट सिंह दिसतील. आपल्या माणसांसाठी ही जागा खास आहे. ११ सप्टेंबर १८९३ ला स्वामी विवेकानंद सर्वधर्म परिषदेत बोलले ते याच इमारतीत. तेव्हाचं सभागृह आता राहिलेलं नाही, पण इमारत तीच आहे आणि समोरच्या रस्त्याच्या तुकड्याला त्यांचं नाव दिलेलं आहे. २०१० मध्ये मुंबईच्या जितीश कल्लाट यांनी त्या भाषणाचा सबंध मजकूर इथल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांच्या अक्षरांत मांडला होता. लोक भाषण वाचत वाचत जिना चढत होते.

आत मात्र सगळं बघायचा हट्ट नको. सुरा यांचं ठिपक्यांचं भलंमोठं चित्र, व्हॅन गॉगची खोली, हॉपर यांचं रात्रीचं हॉटेल आणि 'अमेरिकन गॉथिक', एवढी चार बघा आणि कॅफेत बसा. 'अमेरिकन गॉथिक'मधल्या त्या दोघांना सगळे नवरा-बायको समजतात. आईही तसंच म्हणाली. गाइडबाईंनी सांगितलं, चित्रकाराने बापलेक म्हणून काढलेत, आणि समोर उभी होती त्याची बहीण आणि त्याचा दातांचा डॉक्टर. आई आजही भिशीत हे सांगते. संग्रहालय आठवड्यातून दोन दिवस बंद असतं, दिवस बघून निघा. चाकाची खुर्ची आत विनामूल्य मिळते. मागायला संकोच करू नका. चालून थकलेल्या माणसाला चित्र दिसत नाही.

पैशांचं बोलायचं तर एक गोष्ट नवीन लोकांना उशिरा कळते. इथली मोठी संग्रहालयं इलिनॉयच्या रहिवाशांना वर्षातले ठरावीक दिवस फुकट प्रवेश देतात, पण त्यासाठी इथल्या पत्त्याचं ओळखपत्र लागतं. पासपोर्टवर आलेल्या आई-बाबांना ही सवलत नाही. म्हणूनच थंडीतल्या या फुकट दिवसांना तुम्ही जाऊन या. फील्ड म्युझियम, शेड अ‍ॅक्वेरियम, अ‍ॅडलर तारांगण ही तीनही तळ्याकाठी जवळजवळ आहेत. तुमच्या माणसांना यातलं काय भावेल ते तुम्हाला आधीच कळेल आणि उन्हाळ्यात एकाचंच पूर्ण तिकीट काढावं लागेल. पाच ठिकाणांचे एकत्रित पास दिसायला स्वस्त वाटतात, पण नऊ दिवसांत पाच ठिकाणी सत्तरीच्या माणसांना पळवावं लागतं. तरुण पाहुण्यांना घ्या, आई-बाबांना नको. लिंकन पार्कचं प्राणिसंग्रहालय बाराही महिने सर्वांना फुकट आहे. कल्चरल सेंटरही फुकट, १८९७ ची सार्वजनिक वाचनालयाची इमारत. वर बघून मान दुखेल असा टिफनी काचेचा घुमट आहे. आणि ब्राउन लाइनच्या 'एल'मध्ये, म्हणजे खांबांवरून धावणाऱ्या शहरी गाडीत, खिडकीशी बसवून 'लूप'ला, म्हणजे मध्यवर्ती भागाला, एक फेरी मारा. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून गाडी इमारतींच्या मधून वळते, तिकीट साध्या प्रवासाचं.

बीनला सकाळी लवकर जा, गर्दी नसते. ते घडवणाऱ्या अनिश कपूर यांचा जन्म मुंबईचा, १९५४ चा. पोलादाचे १६८ पत्रे जोडून हे शिल्प घडवलंय आणि सांधा कुठे दिसत नाही. उन्हाळ्यात शेजारच्या हिरवळीवर संध्याकाळी वाद्यवृंदाचे मोफत कार्यक्रम होतात. चटई, दहीभात, तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन जा. खुशाल बसा, सगळेच डबे घेऊन आलेले असतात.

तिथून तळं दहा मिनिटांवर. माझी आई दापोलीची. तिने काठावर उभं राहून विचारलं, "पलीकडचा काठ कुठाय?" दिसत नाही म्हटल्यावर वाकली, दोन बोटं पाण्यात बुडवली आणि जिभेला लावली. "अगं, गोडं आहे!" लाटा येताहेत, वाळू आहे, चिखलाचा वास नाही आणि पाणी गोडं. समुद्राच्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. ती तासभर हलली नाही. त्या दिवशीची दुसरी जागा मी रद्द केली.

गाडीने शहरात जाणार असाल तर पार्किंग अ‍ॅपवरून आधी घेऊन ठेवा, आयत्या वेळी दुप्पट पडतं. लोअर वॅकरला फोनचा नकाशा हमखास गोंधळतो, कारण रस्त्याखाली रस्ता आहे. म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी मेट्राच, म्हणजे उपनगरी रेल्वेच, घेते. नेपरव्हिलहून युनियन स्टेशन पाऊण-एक तास, आणि स्टेशनचं मोठं दालन स्वतःच बघण्याजोगं. शनिवार-रविवारी गाड्या कमी असतात, परतीची वेळ आधी लिहून ठेवा. देवळं आणि डेव्हन अव्हेन्यू हा देशी दुकानांचा रस्ता शहराच्या दिवसात कोंबू नका. अरोराचा बालाजी किंवा लेमाँटचं राममंदिर एखाद्या रविवारी निवांत करा. तिथे आई-बाबांना त्यांच्या वयाची माणसंही भेटतात.

परतताना स्टेशनपासून दहा-बारा मिनिटांवर डेसप्लेन्स रस्त्यावर आणखी एक जागा आहे, फारसं कुणी दाखवत नाही. हेमार्केट. आठ तासांच्या दिवसासाठी १ मे १८८६ पासून संप चालू होता. ४ मेच्या रात्री इथल्या सभेत बाँब फुटला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली आणि पुढे चार कामगार पुढाऱ्यांना फाशी झाली. जगभरचा कामगार दिन इथून निघाला. आपल्याकडे १ मेला महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन असतं, म्हणून तारीख लहानपणापासून पाठ. इथे मात्र त्या दिवशी सुट्टीही नसते. भाषण करणाऱ्याच्या गाडीचं तांबूस शिल्प आहे आणि चौथऱ्यावर देशोदेशीच्या कामगार संघटनांनी लावलेल्या पाट्या. बाबांनी चष्मा पुसला आणि एकेक पाटी वाचायला सुरुवात केली. मी घड्याळ दाखवलं तर हातानेच थांब म्हणाले. सहा-चाळीसची गाडी गेली. पुढची तासाभराने होती.